अबोल सेवक

दात दुखू लागला, की मनुष्य वैद्याकडे धाव घेतो. हृदयाची धडधड वाढली, की तो सावध होतो. परंतु त्याच्या देहात असे दोन सेवक आहेत, की जे अहोरात्र राबतात आणि स्वतः आजारी पडले तरी बहुधा तक्रारीचा शब्दही काढीत नाहीत. हे सेवक म्हणजे मूत्रपिंडे होत.

पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस त्यांचे स्थान आहे. आकाराने प्रत्येक मूत्रपिंड मुठीएवढे. पण त्यात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठी रक्तातील सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील उपयुक्त भाग रक्तात परत जातो आणि लिटर-दीड लिटर मूत्राच्या रूपाने देहातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात. हे काम थांबले, तर ती रक्तातच साचू लागतात.

१९३८ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथील रुग्णालयात एका शेतकऱ्याचा बावीस वर्षांचा मुलगा याच कारणाने मरण पावला. त्याच्यावर उपचार करणारे विलेम कोल्फ हे तरुण डॉक्टर होते. त्या मुलाच्या आईला ही वार्ता सांगताना त्यांचे अंतःकरण व्यथित झाले. रोज थोडेसे विष जरी रक्तातून काढता आले असते, तर मुलगा वाचला असता, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी सेलोफेनच्या नळीत थोडे रक्त भरून ती मिठाच्या पाण्यात हलविली. थोड्याच वेळात रक्तातील युरिया पाण्यात उतरला!

पुढे महायुद्ध भडकले व देश जर्मनांच्या ताब्यात गेला. साधनांचा दुष्काळ होता. तरीही कांपेन या लहान गावी कोल्फ यांनी लाकडी पट्ट्यांचे पिंप करून त्याभोवती ती नळी गुंडाळली आणि १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंड सिद्ध केले. आरंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. पण कोल्फ खचले नाहीत. अखेर १९४५ साली सदुसष्ट वर्षांची एक बेशुद्ध स्त्री या यंत्राच्या साहाय्याने शुद्धीवर आली. तिची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली.

परंतु सर्वांचेच भाग्य असे नसते. अचानक बिघडलेली मूत्रपिंडे पुष्कळदा सुधारतात. वर्षानुवर्षे हळूहळू झिजलेली मात्र पूर्ववत होत नाहीत. ती पुरती निकामी झाली, की रुग्णाला बहुधा आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राशेजारी पडून राहावे लागते, किंवा दुसऱ्याने दिलेले मूत्रपिंड बसवून घ्यावे लागते. शिवाय या दीर्घ विकारात अर्ध्याहून अधिक शक्ती नष्ट होईपर्यंत काही दुखत नाही, की खुपत नाही.

म्हणून जे स्वतः बोलत नाहीत, त्यांची विचारपूस आपण होऊन करावी लागते. मधुमेह आणि रक्तदाब हे मूत्रपिंडांचे दोन मोठे शत्रू. ज्यांना ते जडले आहेत, त्यांनी वर्षातून एकदा तरी रक्त व लघवी तपासून घ्यावी. लघवीतून प्रथिने जाऊ लागणे, ही धोक्याची पहिली खूण असू शकते. ती वेळीच कळली, तर योग्य औषधे व पथ्य यांच्या बळावर झीज पुष्कळ मंदावता येते. वेदनाशामक गोळ्या मनास येईल तशा घेणे, जेवणात मिठाचा अतिरेक करणे, धूम्रपान करणे, हे सारे या सेवकांवर अन्याय करण्यासारखेच आहे.

ही जाणीव जनतेत रुजावी, म्हणून २००६ पासून मार्च महिन्यात जागतिक मूत्रपिंड दिन पाळला जातो. तथापि अशा दिवसाचे खरे सार्थक सभांत नसून घराघरांत आहे. आजोबांना मधुमेह असेल, तर त्यांची तपासणी झाली की नाही, एवढे नातवंडाने प्रेमाने विचारले, तरी एखादे संकट वेळीच ओळखता येईल. ग्रोनिंगनच्या त्या मातेला जे लाभले नाही, ते आज एका साध्या प्रश्नाने कित्येकांना लाभू शकते.