दोन विजय : स्पर्धा आणि सहकार

(इयत्ता 4 थी ते 7 वी : चारित्र्यशिक्षण, गणित व खेळ यांचा समवाय)

पाठाचा हेतू

स्पर्धा म्हणजे वैर नव्हे, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष उदाहरणाने पटवून देणे. प्रतिस्पर्ध्याच्या गुणांचे मोकळ्या मनाने कौतुक करण्याची सवय लावणे. तसेच सरासरी व शेकडेवारी या गणिती कल्पना खेळातील आकड्यांच्या साहाय्याने दृढ करणे.

प्रस्तावना

भातकापणी आटोपली की महाडच्या सखल भागातील आणि पोलादपूरच्या डोंगरउतारावरील खाचरे मोकळी होतात. ढेकळे फोडून, खुंट उपटून मुले तेथे खेळपट्टी तयार करतात आणि एका वाडीचा संघ दुसऱ्या वाडीच्या संघाशी खेळू लागतो. हा खेळ आनंदाचा असतो. परंतु हरलेल्या सामन्याचा राग दुसऱ्या दिवशी दप्तराबरोबर शाळेत येतो, हाही शिक्षकांचा अनुभव आहे. काल विरुद्ध बाजूंनी खेळलेली दोन हुशार मुले आज एका बाकावर बसावयास तयार होत नाहीत. वर्गातील पहिल्या क्रमांकासाठी चढाओढ करणाऱ्या मुलांतही असाच दुरावा उत्पन्न होतो. अशा प्रसंगी केवळ उपदेश फारसा उपयोगी पडत नाही. एखादी खरी हकीकत मात्र मुलांच्या मनात घर करते. भारतीय क्रिकेटमधील विजय मर्चंट व विजय हजारे यांची हकीकत या कामी फार उपयुक्त आहे.

विषयप्रतिपादन

विजय मर्चंट यांचा जन्म 12 ऑक्टोबर 1911 रोजी मुंबईत एका संपन्न गिरणीमालक कुटुंबात झाला. त्यांचे मूळ आडनाव ठाकरसी. शाळेत नाव विचारले असता वडिलांचा व्यवसाय व आडनाव यांची गल्लत झाली आणि हजेरीपटात ‘मर्चंट’ ही नोंद कायम झाली, असे सांगतात. विजय हजारे यांचा जन्म 11 मार्च 1915 रोजी सांगलीस एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचे वडील शाळाशिक्षक होते व घरात आठ भावंडे होती. एकाची बालपणीची सुबत्ता आणि दुसऱ्याचे बेताचे दिवस यांत मोठे अंतर होते. परंतु एकाग्रता आणि चिकाटी या गुणांत दोघेही तुल्यबळ ठरले.

त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने भरत. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपीय आणि ‘शेष’ असे पाच संघ त्यांत उतरत. धर्मावरून संघ पाडण्याच्या या पद्धतीस गांधीजींनी 1940 मध्ये विरोध दर्शविला आणि 1945-46 च्या हंगामानंतर हे सामने बंद झाले. या पद्धतीमुळे मर्चंट हिंदू संघातून आणि हजारे ‘शेष’ संघातून खेळत. एकाच देशाचे हे दोन श्रेष्ठ फलंदाज अशा रीतीने परस्परांच्या विरुद्ध उभे राहिले.

1943-44 च्या हंगामात ही स्पर्धा शिगेस पोहोचली. हजारे यांनी मुस्लिम संघाविरुद्ध 248 धावा काढल्या. अंतिम सामन्यात मर्चंट यांनी नाबाद 250 धावा काढून जणू त्यांस उत्तर दिले आणि हिंदू संघाने 5 गडी बाद 581 धावांवर डाव सोडला. शेष संघाचा पहिला डाव अवघ्या 133 धावांत आटोपला. त्यांतील 59 धावा हजारे यांच्या होत्या. संघावर लगेच दुसऱ्यांदा खेळण्याची पाळी आली. या दुसऱ्या डावात संघाच्या एकूण 387 धावांपैकी 309 धावा एकट्या हजारे यांनी काढल्या. त्यांचे बंधू विवेक यांच्याबरोबर त्यांची 300 धावांची भागीदारी झाली. तीत विवेक यांचा वाटा केवळ 21 धावांचा होता. तथापि विवेक यांनी एक बाजू लावून धरली नसती, तर ते त्रिशतक पुरे होणे कठीण होते. थोडे काढून पुष्कळ साधणाऱ्या अशा सोबत्याकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे.

एवढे करूनही शेष संघ एक डाव व 61 धावांनी हरला. त्याच हंगामात मर्चंट यांनी रणजी करंडकाच्या सामन्यात मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 359 धावा काढल्या. एकाने उंची गाठावी आणि दुसऱ्याने ती ओलांडावी, असा हा क्रम होता. यात कोणी कोणास खाली ओढले नाही; प्रत्येकाने स्वतःस वर नेले.

पुढे नोव्हेंबर 1951 मध्ये दिल्ली येथे इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. भारताचे कर्णधार हजारे होते. त्यांच्यापेक्षा सुमारे साडेतीन वर्षांनी वडील असलेले, चाळिशीत पोहोचलेले मर्चंट त्यांच्या नेतृत्वाखाली खेळावयास उतरले. तोपर्यंत कसोटीतील भारतीयाची सर्वोच्च धावसंख्या हजारे यांच्याच नावावर होती; जानेवारी 1948 मध्ये ॲडलेड येथे त्यांनी 145 धावा काढल्या होत्या. दिल्लीस मर्चंट यांनी 154 धावा काढून तो उच्चांक मोडला. तो मोडला जात असताना समोरच्या टोकास सोबत देत होते ते स्वतः हजारे. दोघांनी तिसऱ्या गड्यासाठी 211 धावांची भर घातली. त्यानंतर हजारे यांनी नाबाद 164 धावांपर्यंत मजल मारून, त्याच डावात, मर्चंट यांचा नवा उच्चांक मागे टाकला. आठ वर्षांपूर्वी ज्या धावा परस्परांविरुद्ध मोजल्या जात होत्या, त्या आता एकाच फलकावर, एकाच देशाच्या नावाखाली जमा झाल्या.

याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांच्या खांद्यास दुखापत झाली आणि तो त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. पुढे फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रास येथे हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. कर्णधारपदाच्या भारामुळे हजारे यांच्या फलंदाजीचे पूर्ण वैभव पाहावयास मिळाले नाही, अशा आशयाची हळहळ मर्चंट यांनी पुढे व्यक्त केली. प्रतिस्पर्ध्याच्या धावा कमी झाल्या याचे दुःख व्हावे, याहून स्नेहाची निराळी खूण कोणती?

मर्चंट 1987 मध्ये व हजारे 2004 मध्ये निवर्तले. सोळा वर्षांखालील मुले ‘विजय मर्चंट करंडक’ खेळतात, तर राज्यांचे संघ एकदिवसीय सामन्यांत ‘विजय हजारे करंडक’ मिळविण्यासाठी झटतात.

गणिताशी समवाय

पुढील आकडे फळ्यावर लिहावेत.

मर्चंट : कसोटी सामने 10, डाव 18, नाबाद 0, धावा 859.
हजारे : कसोटी सामने 30, डाव 52, नाबाद 6, धावा 2192.

फलंदाजीची सरासरी काढताना एकूण डावांतून नाबाद डाव वजा करून उरलेल्या संख्येने धावांस भागावयाचे असते, हे प्रथम समजावून द्यावे. मर्चंट यांची सरासरी 859 ÷ 18 = 47.72 येते; हजारे यांची 2192 ÷ 46 = 47.65 येते. दोहोंतील फरक अवघा 0.07 आहे. हे उत्तर मुलांनी स्वतः काढावे, शिक्षकांनी आधी सांगू नये. ‘मोठा कोण?’ या वादाचे उत्तर मुलांच्या पाटीवरच मिळेल. वरच्या वर्गात 387 पैकी 309 म्हणजे शेकडा किती, हे उदाहरण द्यावे. उत्तर सुमारे 80 येईल.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

ही हकीकत सांगताना धर्मवार संघांचा उल्लेख टाळू नये. मात्र ती पद्धत का मोडली गेली, हे अवश्य सांगावे. महाडच्या मुलांना 20 मार्च 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह ठाऊक असतो. माणसामाणसांत रेघा ओढल्याने काय होते, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

शाळेत संघ पाडताना ते वाडीवार किंवा जातवार पडणार नाहीत, अशी व्यवस्था ठेवावी. आज जे विरुद्ध खेळले त्यांस उद्या एका संघात घालावे. वर्गात ज्या दोघांत चढाओढ असेल, त्यांच्याकडे एखादे सामाईक काम सोपवावे : भित्तिपत्रक, परसबाग, अथवा मागे पडलेल्या एखाद्या मुलास वाचन शिकविणे. चढाओढ मोडून काढू नये, कारण तिच्यामुळेच दोघे पुढे जातात. तिला केवळ भागीदारीची जोड द्यावी. मर्चंट व हजारे यांना एकत्र खेळण्याची संधी मिळाली नसती, तर दिल्लीच्या त्या 211 धावा कोणाच्याच खाती जमा झाल्या नसत्या. ही संधी निर्माण करणे गावच्या शाळेत शिक्षकांच्याच हाती असते.

प्रश्न व उपक्रम

1. हजारे यांनी 309 धावा काढूनही त्यांचा संघ का हरला?
2. विवेक हजारे यांच्या 21 धावांचे महत्त्व कोणते?
3. आपला उच्चांक मोडला जात असता हजारे यांनी काय केले? तुम्ही काय केले असते?
4. तुमच्या वर्गातील प्रतिस्पर्ध्याचा एक गुण पाच ओळींत लिहा व तो वर्गात वाचून दाखवा.
5. शाळेतील पुढील सामन्याचा धावफलक दोन्ही संघांतील प्रत्येकी एका मुलाने मिळून ठेवावा.