तारा बसवल्यानंतरचा पहिला आठवडा

दातांना तारा बसवल्या की दुखणे लगेच सुरू होत नाही. काही तासांनी दात जड वाटू लागतात, दुसऱ्या दिवशी ठणका सर्वांत जास्त असतो आणि साधारण आठवडाभरात तो ओसरतो. हे आधी सांगितलेले नसेल तर दुसऱ्या दिवशीची कळ घरच्यांना बिघाड वाटते. रुग्णाची आणि पालकांची बरीचशी चिंता इथूनच सुरू होते.

प्रस्तुत लेखकाच्या भोपाळमधील घरी तर ही चिंता तारा बसण्याआधीच सुरू झाली. मुलीच्या दाढांमध्ये फट पाडण्यासाठी बारीक रबरी कड्या घातल्या होत्या. त्यांतली एक जेवताना निघाली आणि पोळीच्या घासाबरोबर पोटात गेली. असे होऊ शकते, हे दवाखान्यात कोणी सांगितले नव्हते. आईचा जीव टांगणीला लागला आणि तिचा चेहरा पाहून मुलीने ताट बाजूला सारले. वास्तविक अशी कडी सहसा शौचावाटे निघून जाते. दवाखान्यात कळवून गरज असल्यास दुसरी घालून घ्यायची, एवढेच. मात्र ठसका थांबत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर तडक रुग्णालय गाठावे.

मूल दुखण्याला जितके भिते, तितकेच मोठ्यांच्या घाबरण्याला भिते. म्हणून त्याच्यासमोर ‘फार दुखेल का हो?’ असे डॉक्टरांना विचारू नये. ‘दुखणार नाही’ असे खोटे आश्वासनही देऊ नये. पहिल्याच रात्री ते उघडे पडते आणि पुढे विश्वास बसत नाही.

दंतोपचाराची भीती मोजण्यासाठी नॉर्मन कोरा यांनी 1969 मध्ये चार प्रश्नांची मोजपट्टी मांडली. ती आजही वापरात आहे. त्याहून उपयोगी निष्कर्ष 2005 च्या एका अमेरिकन अभ्यासाचा आहे. तारा बसवल्यानंतर ज्यांना दवाखान्यातून फोन गेला, त्यांचे दुखणे आणि चिंता दोन्ही कमी आढळली. फोनवर सूचना दिल्या की नुसती विचारपूस केली, याने विशेष फरक पडला नाही. इतका स्वस्त उपाय प्रत्येक दवाखान्याने करायलाच हवा.

भोपाळमध्ये सीहोर, विदिशा येथूनही रुग्ण येतात. रविवारी तार गालाला टोचू लागली तर त्यांना लगेच परत येणे जमत नाही. अशा वेळी टोचणारी जागा कोरडी करून तिच्यावर दवाखान्यातून मिळणारे मेण लावावे आणि कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच द्यावी. पहिले काही दिवस मऊ भात-वरण, खिचडी, दही पुरे. कडक शेव, चिक्की, ऊस आणि अख्खा पेरू उपचार संपेपर्यंत वर्ज्य.

दंत महाविद्यालयात खर्च कमी येतो, पण तिथे एक वेगळी धास्ती असते. उपचाराला बहुधा दीड-दोन वर्षे लागतात आणि तो करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. त्यामुळे सवयीचा डॉक्टर मध्येच बदलू शकतो. तो बदलल्यास पुढे कोण पाहणार, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

आणि तारा बसवायला जाल, त्याच दिवशी संध्याकाळी उचलला जाईल असा दवाखान्याचा फोन नंबर मागून घ्या.