बदकाच्या अंड्यांचे शेवटचे तीन दिवस

कापडाच्या धंद्यातल्या माणसाने बदकांवर का लिहावे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. कारण सरळ आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्या आमच्या भाच्याला धुळीमुळे दम्याचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी माग सोडायला सांगितले. घरामागे भातखाचर होते, विहीर होती. त्याने साठवलेल्या पैशांतून अंडी उबवण्याची पेटी घेतली, कमी पडले ते आम्ही उसने दिले. पहिल्या खेपेस २५ व्या दिवशी ६० अंडी जिवंत होती. त्यांतून पिल्ले निघाली फक्त १९. बाकीची ४१ पूर्ण वाढलेली पिल्ले टरफलातच मेली.

"मामू, चोवीस-पंचवीस दिवस सगळं बरोबर केलं, मग हे असं का झालं?" असे तो विचारू लागला. चौकशी केल्यावर कारण कळले. पहिल्या अंड्याला तडा दिसताच आनंदाने त्याने शेजारपाजारच्यांना बोलावले आणि दिवसभरात पंधरा-वीस वेळा पेटीचे झाकण उघडले. आतली वाफ निघून गेली, टरफलाखालचा पापुद्रा वाळून पिल्लांच्या अंगाला चिकटला. पंचवीस दिवसांची मेहनत एका दिवसात गेली. हा तजुर्बा इतर बंधूंच्या कामी यावा म्हणून जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो.

दिवसांचा हिशेब

खाकी कॅम्पबेल, इंडियन रनर, पेकिन या जातींची अंडी २८ दिवसांत फुटतात. मस्कोव्ही या जातीला मात्र सुमारे ३५ दिवस लागतात. म्हणून अंडी घेताना जात नक्की विचारावी. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडमधील ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी तयार केली. फौजी गणवेशाच्या खाकी रंगावरून तिला हे नाव पडले. अंड्यांसाठी ही जात नावाजलेली आहे.

अंडी ठेवल्यापासून २४ तास झाले की पहिला दिवस पुरा होतो. रविवारी संध्याकाळी अंडी ठेवली तर चौथ्या आठवड्यातील गुरुवारी संध्याकाळी २५ दिवस पुरे होतात आणि रविवारी २८. तारीख पेटीवर लिहून चिकटवावी, डोक्यात ठेवू नये. मस्कोव्हीची शेवटची तयारी ३१ ते ३२ व्या दिवशी करावी.

२५ व्या दिवशी तपासणी

अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या जाड टोकाला टॉर्च लावून पाहावे. चांगल्या अंड्यात जाड टोकाकडे हवेची पोकळी सुमारे एक तृतीयांश जागा व्यापते. तिची कड तिरपी दिसते आणि बाकीचे अंडे काळे भरलेले दिसते. कधी पोकळीत चोचीची सावली हलते.

आरपार उजेड दिसला तर अंड्यात बीज नाही. आत लाल कडे दिसले तर गर्भ सुरुवातीलाच मेला. वास येणारे, पाझरणारे अंडे ताबडतोब हळूच बाहेर काढावे. असे अंडे पेटीत फुटले तर घाण शेजारच्या सर्व अंड्यांना लागते. शंका असेल ते अंडे मात्र राहू द्यावे.

वजनाचा काटा असल्यास तोही उपयोगी पडतो. २५ व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन १२ ते १४ टक्के घटायला हवे. म्हणजे ७० ग्रॅमचे अंडे सुमारे ६१ ग्रॅम भरते. फारच कमी घट झाली असेल तर आधीचे दिवस पेटीत दमटपणा जास्त होता असे समजावे आणि पुढील खेपेस पाणी कमी ठेवावे.

एक गोष्ट धंद्याच्या इमानाची. पेटीतून काढलेली अंडी, वरून कितीही स्वच्छ दिसली तरी, खाण्यासाठी बाजारात विकू नयेत. गिऱ्हाइकाला फसवून मिळालेल्या चार पैशांत बरकत नसते. ती खड्ड्यात पुरावीत.

पेटीची तयारी

१) अंडी फिरवणे आता बंद करावे. यंत्राची फिरती तबके काढून अंडी आडवी, जाड टोक किंचित वर ठेवून मांडावीत.

२) खाली खरखरीत काही हवे. गुळगुळीत कागदावर नवजात पिल्लाचे पाय फाकतात आणि ते कायमचे लंगडे होते. आम्ही जाडेभरडे सुती कापड वापरतो. कोरे कापड थेट घालू नये, त्यात खळ असते आणि ओलाव्याने बुरशी येते. उकळत्या पाण्यात धुऊन, खळ काढून, उन्हात वाळवून मग वापरावे.

३) पंखा असलेल्या पेटीत आधी ३७.५ अंश सेल्सियस ठेवलेले असते, ते आता ३७.२ करावे. पंखा नसलेल्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीवर सुमारे ३८.५ अंश असावे.

४) आधी दमटपणा ५५ टक्क्यांच्या आसपास असतो. आता तो ६५ करावा आणि टरफलांना तडे दिसू लागले की ७५ ते ८० पर्यंत जाऊ द्यावा. भांड्यात पाणी खोल असून फायदा नाही, पसरट हवे. स्पंज ठेवल्यास वाफ वाढते. पाणी कोमट घालावे, शक्य तर बाहेरून नळीने, म्हणजे झाकण उघडावे लागत नाही.

५) हवेची भोके पूर्ण उघडी ठेवावीत. वाफ टिकावी म्हणून भोके बुजवणारे पुष्कळ आहेत. पण चोच पोकळीत शिरली की पिल्लू फुप्फुसाने श्वास घेऊ लागते. त्याला ताजी हवा मिळाली नाही तर ते गुदमरते.

६) मापक आधीच तपासावे. जाड मीठ पाण्याने नुसते ओले करून मापकाबरोबर बंद डब्यात ठेवले की काही तासांनी मापकाने ७५ टक्के दाखवले पाहिजे. कमी-जास्त दाखवल्यास तेवढा फरक लक्षात ठेवावा. खोट्या मापकाने धंदा करणे म्हणजे खोट्या गजाने कापड मोजणे.

तडा गेल्यावर सब्र

पिल्लू प्रथम आतला पापुद्रा फोडून चोच हवेच्या पोकळीत घालते. कान लावल्यास चिवचिव ऐकू येते. त्यानंतर टरफलाला बाहेरून तडा जातो. येथून पिल्लू बाहेर पडेपर्यंत २४ ते ४८ तास लागू शकतात. कोंबडीच्या पिल्लापेक्षा बदकाचे पिल्लू हळू निघते, हे नवीन माणसाला माहीत नसते आणि तो घाबरून टरफल सोलू लागतो.

ही मोठी चूक आहे. या वेळात पापुद्र्यातल्या शिरांतले रक्त पिल्लाच्या शरीरात ओढले जात असते आणि उरलेला बलक पोटात शिरत असतो. आधीच सोलले तर रक्त वाहून पिल्लू मरते. काम पुरे झाले की पिल्लू गोल फिरत टरफलाची टोपी कापते आणि जोर लावून बाहेर येते.

निघालेली पिल्ले अंग वाळेपर्यंत पेटीतच असू द्यावीत. पोटातल्या बलकावर त्यांचे एक दिवस सहज निभते, म्हणून दाण्याची घाई नको.

वीज गेली तर

शेवटच्या दिवसांत अंडी स्वतःच उष्णता देतात. म्हणून वीज गेल्यास झाकण उघडू नये, पेटीवर रजई टाकावी, मात्र हवेची भोके झाकू नयेत. बांगलादेशातील खेड्यांत आजवर भाताच्या तुसाने अंडी उबवली जातात. उन्हात तापवलेल्या तुसात कापडात बांधलेली अंडी ठेवतात आणि अखेरच्या टप्प्यात ती तुसाच्या बिछान्यावर पसरून वर गोधड्या घालतात. तेथे अंड्यांच्या स्वतःच्या उबेवरच पिल्ले निघतात.

खुडूक कोंबडीखाली ठेवल्यास

खाकी कॅम्पबेलसारख्या जातीची मादी सहसा अंड्यांवर बसत नाही, म्हणून गावी देशी खुडूक कोंबडी बसवतात. मोठ्या कोंबडीखाली आठ-दहा अंडी पुरेत. बदकीण पाण्यातून ओल्या पिसांनी घरट्यात येते, कोंबडी तसे करत नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात कोंबडी चरायला उठली की अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा. तडा दिसल्यावर तिलाही छेडू नये.

पिल्ले निघाल्यावर

पहिल्या आठवड्यात ३२ ते ३३ अंश ऊब द्यावी. पाण्याचे भांडे असे हवे की चोच बुडेल पण पिल्लू बुडणार नाही. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा पेंड चुकूनही देऊ नये, त्यातले विष बदकांना फार लवकर मारते. पेटीतली टरफले व पिसे पुरून, पेटी धुऊन उन्हात वाळवावी आणि मगच दुसरी खेप घालावी.

आमच्या भाच्याने दुसऱ्या खेपेला २५ व्या दिवशी झाकण लावले आणि त्यावर स्वतःच्या हाताने "उघडू नये" असे लिहिले. दोन रात्री तो पेटीशेजारी झोपला, पण हात लावला नाही. या वेळी ५८ अंड्यांतून ४६ पिल्ले निघाली. आमचे उसने पैसे अजून फिटायचे आहेत, पण त्याला मागावर परत जावे लागले नाही. ज्यांना हा धंदा करायचा आहे त्यांनी पहिल्या खेपेस थोडीच अंडी ठेवावीत, दिवस लिहावेत, आणि शेवटचे तीन दिवस हात आवरावा.