रोलर पेनची कांडी: माप आधी, दुकान नंतर

निरोप समारंभात मिळालेले चांगले रोलर पेन बहुतेक घरांत एका कांडीपुरतेच चालते. शाई संपली की कोपऱ्यावरचा दुकानदार पेन उलटसुलट करून बघतो, ‘याची कांडी येत नाही’ म्हणतो आणि पेन कायमचे खणात जाते. कांडी येते. मात्र ती पेनच्या नावाने न मागता मापाने मागावी लागते.

म्हणून संपलेली कांडी फेकू नका. शाळेच्या पट्टीवर ठेवून टोकापासून शेपटीपर्यंत तिची लांबी मोजा. टोपणाच्या पुष्कळ रोलर पेनांत ती 110 ते 111 मिलिमीटर भरते आणि जाडी 6 मिलिमीटरच्या आसपास असते. जर्मनीच्या श्मिट कंपनीची प्लास्टिकची 888 आणि धातूची 5888 याच मापाच्या आहेत. स्वतःची कांडी न बनवणाऱ्या अनेक पेन कंपन्या त्याच घालून विकतात. तेव्हा पेनवर कुणाचेही नाव असो, आत श्मिट निघाली तर निम्मे काम झाले.

पट्टीवर 98 मिलिमीटर आले, तर ती पार्कर धाटणीची बॉलपेनची कांडी. तिचा प्रमाणित सांकेतिक आकार जी-2 या नावाने ओळखला जातो, आणि पायलट कंपनीच्या जेलपेनचे नावही जी-2 आहे! दोघींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पायलटची कांडी साधारण 111 मिलिमीटरची, म्हणजे बॉलपेनमध्ये न मावणारी. ऑनलाइन मागवताना नावावर विसंबू नका, वर्णनात मिलिमीटर लिहिलेत का ते बघा. ‘पार्करची कांडी द्या’ म्हणणाऱ्यालाही हमखास बॉलपेनची मिळते. पार्करच्या रोलर पेनची कांडी वेगळी असते, तेव्हा ‘रोलरची’ हा शब्द विसरू नये. लॅमी आणि क्रॉसचे साचे त्यांचे स्वतःचे. तिथे मापाची जुळवाजुळव न करता मूळ कांडीच घेतलेली बरी.

आता पैसे. देशी जेलपेनची कांडी पाच ते पंधरा रुपयांना मिळते. पायलट जी-2 शंभराच्या आतबाहेर, श्मिटची रोलर कांडी दीडशे ते तीनशे, आणि मॉंब्लांची दोन नगांची जोडी हजाराच्या वर. हे ढोबळ आकडे आहेत, दुकानागणिक फरक पडतो. पण खरा हिशेब एका कांडीचा नसतो. रोलरची शाई पाण्यासारखी पातळ, टोकातून सढळ उतरते, त्यामुळे बॉलपेनच्या मानाने ती फार लवकर संपते. महिन्याला एक कांडी लागणाऱ्याला अडीचशेच्या भावाने वर्षाचे तीन हजार मोजावे लागतील. दहा रुपयांच्या जेल कांडीत तेच काम एकशे वीसमध्ये होते. फक्त सह्या करणाऱ्याने मात्र हा हिशेब न करता मूळ कांडी घ्यावी.

खूप लिहिणाऱ्यांसाठी मधला मार्ग आहे. 110-111 मापाच्या पेनात पायलट जी-2 किंवा तशाच लांबीची एखादी देशी जेल कांडी पुष्कळदा सरळ बसते. किंचित लांब पडली, तर पारदर्शक नळीची रिकामी शेपटी ब्लेडने मिलिमीटर-मिलिमीटर करून कापता येते. शाईच्या मागे असलेल्या चिकट वंगणापर्यंत जाऊ नका, नाहीतर शाई मागून बाहेर येईल. आखूड पडली, तर जुन्या कांडीचा छोटा तुकडा मागे सरकवला की टोक पुढे येते. टोक पेनच्या तोंडात हलत असेल तर मात्र जुगाड सोडून द्या, अक्षर कधीच नीट येणार नाही. आणि बंद प्लास्टिकची किंवा धातूची रोलर कांडी चुकूनही कापू नका. आत पातळ शाई असते, हात आणि सदरा दोन्ही रंगतील.

98 मिलिमीटरवाल्यांसाठी एक सुखद गोष्ट. श्मिटची 8126 ही रोलर शाईची कांडी त्याच मापाची असल्याने बहुतेक पार्कर धाटणीच्या बॉलपेनांत बसते. आवडते बॉलपेन रोलरसारखे लिहू लागते, नवे पेन घ्यावे लागत नाही. युनिबॉल आय किंवा मूळचे पायलट व्ही-5 असेल, तर शोध थांबवा. ती पेने संपली की संपली, त्यांना कांडी नसतेच.

मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीट आणि पुण्यात अप्पा बळवंत चौक इथे जुनी कांडी आणि पेन, दोन्ही बरोबर घेऊन जा आणि काउंटरवरच बसवून, चार ओळी लिहून बघा. गावात सोय नसेल तर ऑनलाइन, पण ऐंशीच्या कांडीवर तेवढाच डिलिव्हरी खर्च बसू शकतो. म्हणून दोन एकदम मागवा, दहा नको: पडून राहिलेली रोलर कांडी सुकते. पाकिटावरचा महिना-वर्ष वाचा, टोकावरचे मेणाचे किंवा प्लास्टिकचे झाकण जागेवर आहे ना ते बघा. आणि छापील एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.