आधी डाव, मग फौज

मीरा रोडच्या वन बीएचकेत सहा बाय चार फुटांचं टेबल मांडायचं, तर दिवाण पॅसेजमध्ये काढावा लागेल. मिनिएचर वॉरगेमच्या, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या लढाईच्या, नादी लागलेला नवखा नेमका इथे अडकतो. फौज आधी मागवून होते. जागा कुठली आणि समोर बसणार कोण, हे प्रश्न खोकं उघडल्यावर पडतात.

खोक्यात सैनिक नसतातच मुळी. १९८७ साली ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने आणलेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’चं खोकं उघडा, हाती येतात करड्या प्लास्टिकच्या चौकटी. हात, मुंडकं, बंदूक सगळं सुटं. कटरने सोडवायचं, खरखर घासायची, चिकटवायचं आणि मग रंगवायचं. प्रस्तुत लेखकाच्या ओळखीतल्या बऱ्याच फौजा या टप्प्यावर कपाटावर गेल्या, त्या तिथेच आहेत.

खेळ जमतोय का, हे कळायला इतकं काही लागत नाही. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’मध्ये नियम लिहिले, तेही घरातल्या फरशीवर मांडायच्या खेळाचे. शत्रूचे सैनिक पाडायला खेळण्यातली स्प्रिंगची तोफ! आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे माळ्यावर असतातच. (महाराज दरवाजापेक्षा उंच असतात; त्यांना सिंहासनावरच राहू द्यावं.) इंची टेप आणि मूठभर फासे आणले की झालं.

विषयही हाकेच्या अंतरावर आहे. मीरा रोडच्याच महापालिकेच्या हद्दीतला घोडबंदर किल्ला मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत, १७३७ साली, पोर्तुगीजांकडून घेतला. पुठ्ठ्याचा तट उभा करा. मावळे बारा इंचांवर. एका डावात चाल सहा इंच, तटावरच्या बंदुकीचा पल्ला बारा. फाशावर चार किंवा जास्त पडलं की एक मावळा आडवा. म्हणजे तट गाठेपर्यंत दोन डाव गोळ्या खायच्या. मध्ये चार पुस्तकं आडोसा म्हणून ठेवली की सगळा हिशेब बदलतो. वॉरगेमची खरी गंमत ती हीच, आणि ती अजून फुकट आहे.

गोडी लागली तर ‘वन पेज रूल्स’चे मूळ नियम मोफत मिळतात, त्यांना कोणत्याही कंपनीचे सैनिक चालतात. विकत घ्यायचीच तर एकच तुकडी घ्यावी आणि ती रंगवून होईपर्यंत दुसरीकडे बघू नये. परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी धरूनच किंमत काढावी.

आता पावसाळ्यात रंगवण्याचं. खाडीकाठच्या दमट हवेत बाल्कनीत स्प्रे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारला, तर सैनिकाच्या चेहऱ्यावर पिठासारखा खरखरीत थर बसू शकतो, नाक-डोळे बुजतात. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्रायमर बरा. रंग पाण्याने पातळ करून दोन हात द्यावेत.

राहिला गडी. सोसायटीतला मित्र स्वतःची फौज घेऊन येईल, या आशेवर राहू नये. दोन्ही बाजूंचे सैनिक आपणच तयार ठेवावेत. रविवारी त्याने नुसतं चहाला यायचं.