शिसे व बालकांचे आरोग्य

खडकी येथे १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला. बंदुकीच्या गोळीत शिसे असते. पण जुना रंग, भेसळीची हळद व फोडलेल्या बॅटऱ्या यांतूनही ते बालकाच्या शरीरात शिरते. त्यामुळे रक्तक्षय व पोटदुखी होते, बुद्धीची वाढ खुंटते. पुष्कळदा बाह्य लक्षण मात्र दिसत नाही. अशा वेळी रक्ताची तपासणीच विश्वसनीय होय; केसांची नव्हे. एक डेसिलिटर रक्तात ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधून तो दूर करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविले. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलास शिक्षा करण्यापूर्वी शिक्षकाने त्याच्या घरच्या उद्योगाची चौकशी करावी व संशय आल्यास पालकांस वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे.