महामारी आणि घरोघरची नोंद

साथीचा रोग किती पसरला आहे, हे केवळ रुग्णालयातील आकड्यांवरून कळत नाही. रुग्णालयात येतो तो आजारी माणूस. ज्याला संसर्ग झाला, परंतु ताप आला नाही, तो कोणत्याच नोंदवहीत आढळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. म्हणून साथीचा खरा विस्तार जाणून घेण्यासाठी वैद्यकीय शिक्षणसंस्थेला आपले आवार सोडून वस्तीत जावे लागते.

हा विचार भारतात नवा नाही. डॉक्टर हा केवळ उपचार करणारा न राहता समाजाचे आरोग्य राखणारा व्हावा, असा आग्रह भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात धरला होता. याच समितीने सुचविलेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ मध्ये दिल्लीत स्थापन झाली. १९६५ मध्ये या संस्थेने दिल्लीच्या दक्षिणेस फरिदाबादजवळ बल्लभगड येथे राज्य शासनाच्या सहकार्याने ग्रामीण आरोग्यसेवा प्रकल्प सुरू केला. बल्लभगड तेव्हा पंजाबात होते. पुढील वर्षी ते नव्या हरियाणा राज्यात आले. दयालपूर व छांयसा या दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांखालील २८ गावे हे प्रकल्पाचे मुख्य कार्यक्षेत्र होय. येथे आरोग्यसेवक घरोघर जाऊन जन्म, मृत्यू व लसीकरण यांची नोंद ठेवतात आणि शिकाऊ डॉक्टर खेड्यातील आरोग्याचे प्रश्न प्रत्यक्ष पाहतात.

अशा कामाचा खरा आधार म्हणजे लोकांचा विश्वास. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोरे सोल्जर घराघरांत शिरले. रोग शोधणे हाच त्यांचा हेतू सांगितला जात होता. तथापि लोकांना त्यात जुलूमच दिसला, आणि २२ जून रोजी प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडण्यात आली. उंबरठ्याशी येणारा माणूस ओळखीचा आहे की परका, यावर साथीच्या काळातील पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात.

कोविड-१९ च्या महामारीत या मुद्द्याला नवे महत्त्व आले. मार्च २०२० पासून शाळा बंद होत्या. एप्रिल व मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने दिल्ली व आसपासचा प्रदेश होरपळून निघाला. पुढची लाट मुलांवरच येणार, अशी भीती त्यानंतर सर्वत्र पसरली. ही भीती खरी असेल तर शाळा उघडणे धोक्याचे होते. खोटी असेल तर मुलांचे शिक्षण विनाकारण बुडत होते. निर्णयासाठी एक गोष्ट कळणे आवश्यक होते : मुले आजवर संसर्गापासून दूर राहिली होती काय?

आयुर्विज्ञान संस्थेच्या समाजवैद्यक विभागातील संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, इतर संस्थांसह, पाच ठिकाणी रक्ततपासणीचे सर्वेक्षण केले. त्यांपैकी दोन ठिकाणे दिल्ली परिसरातील होती : शहरातील पुनर्वसन वसाहती आणि फरिदाबाद जिल्ह्यातील खेडी. विषाणूशी सामना झाल्यावर शरीर प्रतिपिंडे निर्माण करते व ती काही काळ रक्तात टिकतात. त्यामुळे आजाराची लक्षणे न दिसलेल्या व्यक्तीलाही संसर्ग होऊन गेला होता की नाही, हे कळू शकते.

जून २०२१ मध्ये अंतरिम निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण ४,५०९ व्यक्तींपैकी ७०० जण अठरा वर्षांखालील होते. या मुलांपैकी ५५.७ टक्के, तर प्रौढांपैकी ६३.५ टक्के व्यक्तींच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक लक्षणीय नव्हता. याचा अर्थ असा की, शाळा बंद असूनही विषाणू घरातील मोठ्यांबरोबर मुलांपर्यंत पोहोचला होता. पुढील लाट केवळ मुलांनाच गाठेल, या समजुतीला त्यामुळे आधार उरला नाही.

या निष्कर्षाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. प्रतिपिंडे पूर्वीच्या संसर्गाची खूण असतात, पुढील संरक्षणाची हमी नव्हेत. शिवाय पाच ठिकाणांवरून साऱ्या देशाचे चित्र उभे राहत नाही. दिल्लीत खालच्या इयत्तांचे वर्ग १ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाले, त्यामागेही अनेक कारणे होती. परंतु भीतीच्या जागी मोजलेली माहिती आली, हे या कामाचे फलित होय. रक्ताचा नमुना घेण्यास क्षणभर पुरतो. तो देण्यासाठी आईने मुलाचा हात पुढे करावा, एवढा विश्वास मात्र साथ नसलेल्या वर्षांतच मिळवावा लागतो.